पोरं कायझेन का लिहीत नाहीत

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात चाकणच्या कारखान्यांबद्दल वाचलं, त्यात एका मॅनेजर साहेबांचं म्हणणं होतं की आजकालच्या पोरांना कामात इंटरेस्टच नाही, सूचना मागितल्या तरी देत नाहीत, आणि मग ते नेहमीचं, जपानमध्ये बघा. मी चाकणलाच गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मशीन शॉपला आहे, औंधच्या आयटीआयमधून टर्नर करून लागलो त्याला 21 वर्षं झाली. पर्मनंट आहे म्हणून हे पत्र लिहू तरी शकतोय, माझ्या शेजारी उभी असलेली कंत्राटी पोरं लिहू शकत नाहीत.

आधीच सांगतो, मी कायझेनच्या, म्हणजे कामगारांच्या सूचनांनी काम थोडं थोडं सुधारत नेण्याच्या जपानी पद्धतीच्या, विरोधात नाही. फाइव्ह एस, म्हणजे जागच्या जागी वस्तू आणि स्वच्छता ठेवायची पद्धत, आलं तेव्हा जुने लोक म्हणायचे, झाडू मारायला जपानी नाव दिलंय. पण फरक पडला हो. आधी 17 चा पाना शोधायला दहा मिनिटं जायची, कूलंट (मशीन थंड ठेवायचं पाणी-तेल) सांडलेलं असायचं त्यावर माणूस घसरायचा, आता बोर्डवर पान्याची जागा रिकामी दिसली की लगेच कळतं. पोका योके, म्हणजे चूक होऊच नये अशी सोय, लावल्यापासून पार्ट उलटा बसतच नाही, त्यामुळे रिजेक्शनचं बिल ऑपरेटरच्या नावावर फाटत नाही. हे सगळं मला मनापासून आवडतं, घरी मुलाला पण सांगतो.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या लाईनवर लातूरकडचा एक पोरगा होता, ठेकेदाराकडून आलेला, कुरुळीला रूम करून राहायचा. पार्ट मशीनमधून काढला की वळून टेबलावर ठेवायचा, मग पुढच्याने तो उचलायचा, यात कंबर जायची सगळ्यांची. ह्या पोराने भंगारातला अँगल आणि नायलॉनच्या पट्ट्या घेऊन एक उतरती घसरगुंडी बनवली, पार्ट आपोआप पुढच्या मशीनला जायला लागला. सायकल टाइम, म्हणजे एका पार्टला लागणारा वेळ, 58 सेकंदांवरून 49 वर आला. टाळ्या झाल्या, सर्टिफिकेट दिलं, पाचशे रुपयांचं कूपन दिलं, बोर्डवर फोटो लागला. पुढच्या महिन्यात लाईन बॅलन्सिंग, म्हणजे लाईनवरच्या कामाची नव्याने वाटणी, झालं आणि पाच जणांचं काम चौघांत बसतंय म्हणून एकाचा गेटपास बंद केला, तो नेमका ह्याच पोराचा रूम पार्टनर. ह्याला कोणी काही बोललं नाही, पण कँटीनमध्ये तो एकटा जेवायला लागला आणि महिन्याभरात स्वतःच सोडून गेला. ती घसरगुंडी आजही चालू आहे, मी रोज त्यावर काम करतो.

त्यानंतर आमच्या लाईनवर खरी सूचना आली नाही. टार्गेट आहे माणशी महिन्याला दोन, ते पूर्ण होतं, पिवळा पट्टा मारला, डस्टबिनला लेबल लावलं असलं काहीतरी लिहितात. टूल कधी बदलला की बर (पार्टच्या कडेला राहणारा खरखरीत धातू) येत नाही, कुठल्या फिक्स्चरला (पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्याला) हलका धक्का दिला की पार्ट नीट बसतो, हे प्रत्येकाला माहिती आहे पण कोणी कागदावर आणत नाही, नवीन ट्रेनीला पण विश्वास बसल्यावरच सांगतात. कामाला किती सेकंद लागतात ते मोजणारे टाइम स्टडीवाले मोबाईल घेऊन शूटिंगला आले की सगळ्यांचे हात हळू होतात. माझे पण होतात, ते मी लपवत नाही. हे आळशीपण नाही साहेब. अमेरिकेत 1911 साली वॉटरटाऊनच्या सरकारी तोफांच्या कारखान्यात स्टॉपवॉच आणलं तेव्हा ओतकाम करणाऱ्यांनी संप केला होता, आणि 1915 मध्ये तिथल्या संसदेने सरकारी शस्त्र कारखान्यांत स्टॉपवॉचवर पैसे खर्च करायचे नाहीत असं ठरवलं. म्हणजे आपले हात मोजले जाणार म्हटल्यावर माणूस सावध होतो हे काही चाकणच्या पोरांनी शोधून काढलेलं नाही.

आणि जपानचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या. 1950 मध्ये टोयोटा अडचणीत होती, माणसं कमी करायचं निघालं, मोठा संप झाला, शेवटी माणसं गेली पण कंपनीचे प्रमुख किइचिरो टोयोडा यांनी पण राजीनामा दिला. त्यानंतर तिथे जी पद्धत उभी राहिली तिच्यात कायम कामगाराला नोकरीची शाश्वती होती, म्हणून तो डोकं लावायला तयार झाला. तिथे साधा कामगार सुद्धा अडचण दिसली की दोरी ओढून लाईन थांबवू शकतो. आमच्याकडे अँडॉनचा, म्हणजे अडचण आहे हे सांगणारा, दिवा लावलाय, पण कंत्राटी पोराने बटण दाबलं तर सुपरवायझर पहिलं विचारतो, कोणी दाबलं. मग कोण दाबणार?

आपल्याकडे जुन्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांत, होतं की टेम्पररी कामगाराचे वर्षात सलग 240 दिवस भरले की त्याला पर्मनंट करायचं, म्हणून सात महिने झाले की ब्रेक द्यायची आणि परत दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर घ्यायची पद्धत पडली. आता 2020 च्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये फिक्स्ड टर्मला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीला, जागा केलीय, वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी मिळणार हे चांगलंच आहे, पण मुदत संपली की विषय संपला. सात महिन्यांच्या माणसाने कंपनीची पुढची दहा वर्षं सुधारायची ही अपेक्षा मला पटत नाही.

आमच्या युनियनची पण चूक आहे, वेतन करार आला की आम्ही फक्त पर्मनंटच्या आकड्यावर भांडतो. 1989 साली टेल्कोचे (आताची टाटा मोटर्स) कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते तेव्हा अख्ख्या पुण्याला कळलं होतं की कामगार नाराज आहेत. आजची नाराजी कोणाला दिसत नाही, ती फक्त खरी सूचना नसलेल्या सूचनापेटीत दिसते आणि तिला मॅनेजर लोक इंटरेस्ट नाही म्हणतात.

माझं मागणं एवढंच आहे की पुढच्या करारात एक ओळ लिहा, कायझेनमुळे माणूस मोकळा झाला तर त्याला दुसऱ्या लाईनवर काम द्यायचं, गेटबाहेर काढायचं नाही, मग तो ठेकेदाराचा असो नाहीतर ट्रेनी असो. ही ओळ नोटीस बोर्डवर लावा आणि सहा महिने पाळून दाखवा. आमच्याच लाईनवर निदान चार चांगल्या सूचना मला माहिती आहेत, त्यातली एक माझी स्वतःची आहे.

– एक मशीन ऑपरेटर, निगडी