दहावीच्या स्मरणिकेसाठी आठवणी देण्याबाबत

सर्व वर्गमित्र-मैत्रिणींना कळविण्यात येते की, निरोप समारंभात शाळेला अर्पण करावयाच्या आपल्या हस्तलिखित स्मरणिकेसाठी अद्याप निम्म्या जणांचेही लेखन आलेले नाही. उर्वरितांनी आपल्या हस्ताक्षरातील एक पान येत्या शनिवारी मधल्या सुट्टीपर्यंत ग्रंथालयात जमा करावे.

पन्हाळ्याच्या सहलीविषयी पुरेसा मजकूर मिळाला आहे. मात्र २०२० मध्ये आपली पाचवी मोबाइलच्या पडद्यावर सुरू झाली, बाकावरच्या सोबत्याचा चेहरा पाहण्याआधी त्याचा आवाज ओळखीचा झाला, आणि पुढे जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरल्याने काहींची वह्या-पुस्तके गेली तेव्हा इतरांनी आपल्या वह्या उतरवून दिल्या, याविषयी एकही पान आलेले नाही. आपल्या वर्गाची खरी ओळख त्या दोन वर्षांत घडली, असे संपादक मंडळास मनापासून वाटते. म्हणून ज्यांच्या घरात पाणी आले होते त्यांनी, मन तयार असल्यास, अवश्य लिहावे. नाव देऊ नये असे वाटल्यास तसे पानाच्या मागे नमूद करावे.

शिपाईकाकांविषयीच्या आठवणीही हव्या आहेत. छायाचित्रे परत केली जातील.

— संपादक मंडळ, दहावी, कोल्हापूर