संध्याकाळची पंगत बंद पडू नये : समस्त मिरजकरांना आवाहन

स. न. वि. वि.

अक्षय्य तृतीया तोंडावर आली आहे. परवा कार्यकारिणीच्या बैठकीत एक ठराव लिहिताना माझा हात थांबला. तोवर सोय झाली नाही तर १ जूनपासून आपल्या खानावळीतलं संध्याकाळचं जेवण बंद करावं, असा तो ठराव होता. दुपारचं चालू राहील. खजिनदारांनी आकडे वाचून दाखवले, त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही. शेवटी ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवून ठेवला. त्या मुदतीत हे पत्रक आपल्या हातात पडावं म्हणून लिहितो आहे.

संध्याकाळचंच जेवण का, हे आधी सांगतो. दुपारी गावात पोटाला काहीतरी मिळतं. २६ जानेवारी २०२० पासून सरकारचं दहा रुपयांचं शिवभोजन आहे, त्याचा आधार पुष्कळांना होतो. पण ते दुपारपुरतं, आणि ताटंही ठरलेली. रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात जो सतरंजी टाकून बसलेला असतो त्याचं काय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पेशंटचे उपचार होतात, पेशंटचं जेवणही त्यातच येतं. सोबत आलेल्याचं जेवण मात्र पदरचं. त्याच्या नावावर रेशनचं महिन्याला पाच किलो धान्य असतं, पण ते गावाकडं डब्यात. इथं ना चूल, ना तवा. जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा, पलीकडून कर्नाटकातल्या अथणी, रायबाग, जमखंडी इथली माणसं मिरजेला येतात. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून दुखण्याला मिरज गाठायची ही या सगळ्या मुलखाची रीत आहे. दोन दिवसांसाठी म्हणून आलेली माणसं वीस-वीस दिवस अडकतात. पैसे औषधाला जातात आणि मग पहिली काटकसर होते ती रात्रीच्या जेवणात. चहात पाव बुडवून खाल्ला की झालं. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तर संध्याकाळची पंगत सुरू केली.

खानावळ कशी उभी राहिली हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे, तरी नव्यांसाठी लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली आणि पूरग्रस्त मिरजेच्या आसऱ्याला आले. तेव्हा आपण चार दिवसांसाठी म्हणून चुलाण पेटवलं. चार दिवसांचे दोन आठवडे झाले. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या ज्या हळदवाल्यांची पोती पाण्यात गेली होती, त्यांच्यापैकीच एकांनी पाणी उतरल्यावर आपल्याला दोन मोठी पातेली आणि एक कढई पाठवली. ती पातेली आजही रोज चुलीवर चढतात. वर्ष उलटायच्या आत लॉकडाऊन आला, आपलं सरकारी रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं, आणि तरुण पोरांनी मोटरसायकलवरून डबे पोचवले. त्यातली दोन पोरं आज नोकरीसाठी पुण्यात आहेत, पण दिवाळीला आली की आधी खानावळीत येऊन भाजी चिरायला बसतात. ते संकट सरल्यावर चूल विझवायची का, हा प्रश्न आला. तेव्हा लक्ष्मी मार्केटमधले आपले भुसारी काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तांदूळ माझ्याकडं. बाकीचं तुम्ही बघा." त्यांनी आजतागायत एकही महिना तांदूळ चुकवलेला नाही. गेल्या वर्षी त्यांच्या घरी मोठं दुःख झालं. त्या आठवड्यातसुद्धा पोतं वेळेवर आलं, हमालानं आणून ठेवलं आणि निरोप न देता निघून गेला.

फुकट वाढायचं नाही, हे तेव्हाच ठरलं. फुकट म्हटलं की माणूस मान खाली घालून जेवतो. अहमदाबादेत २००६ पासून चाललेल्या सेवा कॅफेची माहिती आम्ही काढली. तिथं बिलावर शून्य लिहिलेलं असतं, कारण तुमच्या आधी जेवून गेलेल्यानं तुमचं भागवलेलं असतं. केरळात आलप्पुळ्याजवळ पातिरप्पळ्ळीला २०१८ साली लोकांनी जनकीय भक्षणशाला, म्हणजे लोकांची खानावळ, काढली, तिथंही गल्ल्यावर माणूस नाही, फक्त पेटी. त्यावरून आपणही पेटी ठेवली. जमेल तेवढं टाका, नसेल तर टाकू नका, जास्त असेल तर शेजारच्याचंही टाका.

ही पेटी सतारमेकर गल्लीतल्या आपल्या चाचांनी केली. सतारीच्या दांडीचं तुणाचं लाकूड उरलं होतं, त्याची. चाचांच्या हातचं काम ते, कोपरे असे बसलेत की सांधा दिसत नाही. पण झालं असं, की वाद्याच्या लाकडाचीच पेटी, ती घुमायची. नाणं पडलं की खणकन आवाज सगळ्या पंगतीला. नोट पडली की काहीच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक मुलगी, सतरा-अठराची असेल, आईला इथं दवाखान्यात ठेवलेलं, मुठीत नाणं घेऊन पेटीजवळ गेली, समोरच्यानं टाकलेल्या नाण्याचा आवाज ऐकला आणि तशीच परत फिरली. चाचा त्या दिवशी पंगतीतच होते. जेवण झाल्यावर त्यांनी पेटी उचलून घरी नेली. दुसऱ्या दिवशी परत आणली तेव्हा आत तळाला आणि चारी बाजूंना जुन्या गोधडीचं कापड शिवून चिकटवलेलं होतं. आता पाच रुपयांचं नाणं पडो की पाचशेची नोट, आवाज एकच, म्हणजे आवाजच नाही. पेटी हात धुवायच्या जागेमागं खांबाआड ठेवलेली आहे, तीही त्यांचीच सूचना. चाचा आता थकलेत, पण उरुसात संगीत सभेला बाहेरगावचे रसिक आले की त्यांना ते हाताला धरून आपल्याकडं जेवायला घेऊन येतात.

रेल्वेतून निवृत्त झालेले आपले काका रोज संध्याकाळी वाढपाला उभे राहतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या स्टेशनातून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवशी काका ड्यूटीवर होते. ते अजून सांगतात, की गाडी हलली तेव्हा फलाटावरच्या माणसांनी हात जोडले. ज्या गावानं दुसऱ्या जिल्ह्याची तहान आपली मानली, त्या गावात व्हरांड्यातला माणूस उपाशी झोपतो हे त्यांना सहन होत नाही. मलाही होत नाही. महापालिका शाळेतल्या बाईंनी निवृत्तीच्या पैशातून गाळण्यापासून गॅसच्या शेगडीपर्यंत काय काय घेतलं त्याची यादी माझ्याकडं आहे, पण छापली तर त्या बोलायच्या बंद होतील. आपल्याकडं भिंतीवर देणगीदारांच्या पाट्या नाहीत आणि कुणी मागितल्याही नाहीत. सगळ्यांचे उपकार इथं लिहून संपायचे नाहीत.

मंगळवेढ्याकडचे एक गृहस्थ मागच्या वर्षी बावीस दिवस जेवायला होते, मालकीणबाईंचं ऑपरेशन. पेटीकडं कधी गेले नाहीत, आम्ही बघितलंही नाही. यंदा सुगी झाल्यावर एसटीच्या टपावरून अर्धं पोतं मालदांडी ज्वारी घेऊन उतरले. पावती करू लागलो तर म्हणाले, "पावती कशाला? भाकरी करून वाढा, मी एक खाऊन जातो." त्यांच्या ज्वारीची पहिली भाकरी त्यांनाच वाढली.

आता जे लिहायला जड जातं ते लिहितो.

गेल्या वर्षी दसऱ्याला आम्ही चारशे पत्रकं घरोघर वाटली. नऊ जणांनी विचारपूस केली. त्या नऊ जणांचे आम्ही ऋणी आहोत. पण गाव एवढं मोठं, आणि त्यातल्या बहुतेकांनी चौकात भेटल्यावर "छान काम करताय" असं म्हटलंय. लग्नसराईत मात्र रात्री साडेअकराला फोन येतात, की कार्यालयात जेवण उरलंय, माणूस पाठवून घेऊन जा. त्यांच्या मनात वाईट नसतं हे मला कळतं. तरीही ऐकताना लागतं. शिजवून किती तास झालेत हे ठाऊक नसलेलं अन्न आम्ही वाढत नाही, कारण इथं जेवणाऱ्याच्या घरात आधीच एक आजारपण आहे. आणि दुसरं, आपल्या खानावळीतलं ताट हे कुणाच्या ताटातलं उरलेलं नाही. ज्वारी निवडून, दळून आणलेली असते. आपल्या दोन मावश्या दुपारी चारपासून परातीत पीठ मळायला बसतात आणि साडेसातपर्यंत तीनशे भाकरी थापतात. तव्यावर टाकून पाणी फिरवायचं, उलटायची, मग जाळावर फुगवायची. एकही कच्ची जात नाही. त्या मावश्यांचा पगार तीन महिने उशिरा झाला. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यातल्या एकीच्या मुलाची कॉलेजची फी त्याच महिन्यात होती, हे आम्हाला तिसऱ्याकडून कळलं. मी सचिव आहे, ती माझी चूक आहे, आणि ती पुन्हा व्हायला नको म्हणूनही हे लिहितो आहे.

आणखी एक. पहिल्या वर्षी पंगतीत निम्मी गावातली माणसं असायची. वकील, मास्तर, दुकानदार, घरी आज स्वयंपाक नाही म्हणून आलेली कुटुंबं, पोरासोरांसह. शेजारी अथणीचा शेतकरी. कोण किती टाकतोय कुणाला कळायचं नाही, आणि पेटी भरायची. हळूहळू गावात बोललं जाऊ लागलं, की ते गरिबांसाठी आहे, आपण कशाला जाऊन त्यांचं खायचं. चांगल्या मनानंच लोक यायचे थांबले. पण त्यामुळं दोन गोष्टी झाल्या. पेटी निम्म्यावर आली. आणि जे जेवायला येतात त्यांना, आपण गरिबांच्या पंगतीत बसलोय हे कळायला लागलं. आमच्या कामाचा कणाच तिथं मोडतो. देणगी द्याच, पण त्याआधी जेवायला या, ही माझी हात जोडून विनंती आहे.

हिशेब असा. संध्याकाळी साधारण १५० पानं, एका पानाला ५५ रुपये, म्हणजे रोज ८,२५० रुपये. पेटीत सरासरी ४,००० पडतात. रोजची तूट ४,२५०, महिन्याला सव्वा लाखाच्या वर. दुपारचं जेवण तिथ्यांवर, म्हणजे ठरावीक तारखेच्या नावानं येणाऱ्या देणग्यांवर, निभावतं. खजिनदारांनी मांडून दाखवलंय, की रोज चाळीस मिरजकर संध्याकाळी जेवायला आले आणि प्रत्येकानं आपल्यासकट तिघांचे म्हणून १६५ रुपये टाकले, तर त्या चाळीस पानांचा खर्च वजा जाता ही तूट भरून निघते. फक्त चाळीस माणसं. आठवड्यातून एकदा यायचं ठरवलं तर दोनशे ऐंशी माणसांची यादी पुरते. कुणी गल्लीचा वार धरावा, कुणी भिशीच्या बायकांनी ठरवून यावं, कुणी दुकान बंद करून तसंच यावं.

देणगीबाबत : एका संध्याकाळची तिथी ८,२५० रुपये, वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाचा वाढदिवस, कुठलीही तारीख चालेल, नाव फळ्यावर लिहिलं जात नाही पण त्या दिवशी आपण वाढायला उभं राहावं अशी अपेक्षा आहे. रोख रक्कम २,००० रुपयांच्या वर असेल तर देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा खात्यावरच द्यावी. खात्याचा तपशील जुन्या पावतीच्या पाठीमागं छापलेला आहे, पावती नसेल तर कार्यालयात सकाळी दहा ते बारा मिळेल (गुरुवार बंद). वस्तुरूपानं ज्वारी, तूरडाळ, मसूर, शेंगदाणे, तेलाचे डबे, गूळ. वस्तूंना ही सवलत लागू नाही, साधी पोच दिली जाईल. कमर्शियल सिलिंडर महिन्याला किती लागतात ते विचारून मग द्यावा, ठेवायला जागा कमी आहे. जुने कपडे कृपया आणू नयेत. वाढपी हवेत, विशेषतः शनिवार-रविवार, साडेसहाला हजर. कानडी येणारं कुणी असेल तर फारच बरं होईल, कारण पलीकडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना काय हवं-नको ते आम्हाला नीट विचारता येत नाही. यादीत नाव घालायचं असेल त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या आत कळवावं, बैठक त्याच संध्याकाळी आहे.

पंगत साडेसातला बसते, दुसरी सव्वाआठला. भाकरी, आमटी, एक भाजी, शेंगदाण्याची चटणी, भात, ताक. बुधवारी अख्खा मसूर असतो. पेटी खांबाआड, हात धुवायच्या जागेमागं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)