म्हापशाच्या बाजारातल्या कल्हईवाल्या काकांना

काका, नमस्कार. तुमच्याकडे साधा बटनांचा फोन आहे ते मी पाहिलंय, पण कोणीतरी वाचून दाखवेल म्हणून इथं लिहिते.

चवथीच्या आधीच्या शुक्रवारी आजीची दोन पितळी टोपं घेऊन आलेली, हातात केमिस्ट्रीची वही आणि तोंड पाडलेलं, ती मी. टेस्टमध्ये आवर्तसारणीतल्या चौदाव्या गटावर 20 पैकी 6 मिळाले होते. कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, टिन, लेड, सगळ्यांच्या बाहेरच्या कक्षेत चारच इलेक्ट्रॉन, मग एक कोळसा आणि एक शिसं असं कसं, हे काही केल्या डोक्यात शिरेना. तुम्ही विचारलंत काय वाचतेस, मी म्हटलं टिन, तर हसलात, "अगं टिन म्हणजे आमचं कथीलच की!"

मग भाता मारलात, टोप तापलं, नवसागराची चिमूट टाकल्यावर पांढरा धूर उठला आणि माझ्या नाकात असा झोंबला की डोळ्यांत पाणी आलं. कथलाची कांडी नुसती टेकवली तर लोण्यासारखी वितळली, कापसाचा बोळा गर्रकन फिरला आणि आतून चांदीसारखं चकचकीत! पुस्तकात कथील 232 अंशांना वितळतं, सिलिकॉन 1414 ला, हे आकडे मी घोकलेले, पण कमी वितळणबिंदू म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आणि खाली पेटलेला कोळसा म्हणजे कार्बनच ना, एकाच गटातले दोघे एकाच भट्टीवर. कार्बनचे अणू एकमेकांना धरतात 348 किलोज्युल प्रति मोल एवढ्या ऊर्जेने, कथलाचे 240 नेच, म्हणून लांबच लांब साखळ्या करणं कार्बनलाच जमतं, गटात खाली जाल तशी पकड सैल.

पण मला सगळ्यात आवडलं ते कांडी कानाजवळ धरून वाकवलीत ते, कर्रकर्र आवाज आला! आतल्या स्फटिकांची ठेवण झटक्यात पलटते म्हणून तो येतो हे मी नंतर शोधलं. मग तुम्ही मासे धरायच्या जाळ्याला लावतात तो शिशाचा गोळा चेपून दाखवलात, तो मुकाच. "कथलात शिसं मिसळणारे असतात, स्वस्त पडतं, पण ते पोटात जातं," असं म्हणून तोच गोळा माझ्या वहीवर घासलात, करडी रेघ उमटली. म्हणून शिसपेन्सिल म्हणतात वाटतं, असं मी म्हटलं, पण तिच्यात शिसं नसतंच, ग्राफाइट असतं, म्हणजे परत कार्बनच. नाव एका भावाचं, काम दुसऱ्याचं.

परत येताना कदंबा बसमध्ये बसल्याबसल्या शेवटची गाठ सुटली. शिशाला चारही इलेक्ट्रॉन देऊन +4 होण्यापेक्षा दोनच देऊन +2 मध्ये राहणं बरं वाटतं, बाहेरच्या चारपैकी दोन इलेक्ट्रॉन ते सहजी सोडत नाही, आणि म्हणूनच आमच्या स्कूटरच्या बॅटरीतलं लेड डायऑक्साइड +4 वरून +2 वर यायला टपलेलं असतं आणि त्यावर बॅटरी चालते. हे मला सर तीनदा सांगून झाले होते हो, बिचारे.

परवा परत टेस्ट झाली, 17 आले. आजीने त्याच टोपात खतखतं केलं होतं. कांडीचा तुकडा माझ्याकडेच राहिलाय काका, सगळ्या मैत्रिणींना वाकवून दाखवून दाखवून तो आता मोडायला आलाय, येत्या शुक्रवारी आणून देते.