साथ नसतानाच नियम लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २० मे २०२५ रोजी महासाथ करार मंजूर केला. तेव्हा चर्चा झाली ती लसींच्या वाटपाची, विषाणूचे नमुने कोण कोणाला देणार याची आणि देशांच्या सार्वभौमत्वाची. त्याच करारात माणसाची प्रतिष्ठा, मानवी हक्क आणि दुर्बल स्थितीतली माणसे यांचाही उल्लेख तत्त्वांमध्ये आहे. तिथे कोणी फारसे थांबले नाही. मी परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले, शेवटची वर्षे कोविड वॉर्डात गेली. कागदावरचे तत्त्व वॉर्डाच्या दारापर्यंत येताना वाटेत कुठे हरवते, हे जवळून पाहिले म्हणून हे पत्र.

एक उदाहरण देते. ऐकू न येणारे बरेच रुग्ण समोरच्याचे ओठ पाहून बोलणे समजून घेतात. आमच्या तोंडावर मास्क, त्यावर शील्ड, अंगावर किट. त्यांना कळणार काय? सोबतीला नातेवाईक येऊ द्यायचा नाही, असा नियम. म्हणजे जी बहीण हातवाऱ्यांनी मिनिटभरात सांगू शकली असती की याला दम लागतोय, पोटात दुखत नाहीये, ती फाटकाबाहेर उभी. आत आम्ही कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे तेही व्यर्थ. अशा एका रुग्णाच्या केसपेपरवर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मी वाचला आहे. नळी लावायला आलेला हात त्याने ढकलला होता. आपल्याला काय करताहेत हे न सांगता कोणी नाकात नळी घालू लागले, तर तुम्ही-आम्ही तरी काय केले असते?

तो नियम कोणी दुष्टपणाने केला नव्हता. संसर्ग पसरू नये हाच हेतू होता. पण नियम ठरवणाऱ्यांत कानाने अधू असलेला एकही माणूस नव्हता, त्यामुळे ही अडचण कोणाच्या डोक्यातच आली नाही. माझे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. ज्यांच्यावर नियमाचा भार सर्वांत जास्त पडणार, त्यांना नियम लिहिण्याच्या बैठकीत बसवा. आणि हे काम साथ नसताना, डोके थंड असताना करा.

हे नुसते सदिच्छेचे बोलणे नाही, याचा पुरावा इंग्लंडमध्ये आहे. मार्च २०२० मध्ये तिथल्या ‘नाइस’ या अधिकृत संस्थेने अतिदक्षता विभागात कोणाला घ्यावे याची सूचनापत्रिका काढली. त्यात वयोवृद्धांचा अशक्तपणा मोजायची एक श्रेणी वापरायला सांगितली होती. या मोजपट्टीत रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागते का, हे पाहतात. ऐंशीच्या घरातल्या आजोबांना अलीकडे आंघोळीला मदत लागू लागली असेल, तर त्यावरून प्रकृती ढासळत असल्याचा अंदाज बांधता येतो. पण पंचविशीतल्या स्वमग्न मुलाला लहानपणापासूनच ती मदत लागत असेल तर? त्याची फुप्फुसे ठणठणीत असतात, हृदय ठणठणीत असते. मोजपट्टी मात्र त्याला मरणाच्या जवळ नेऊन ठेवते. अपंगत्व आणि स्वमग्नतेच्या क्षेत्रातल्या संघटनांनी लगेच आवाज उठवला. २० मार्चची पत्रिका २५ मार्चला बदलली गेली. ही श्रेणी तरुणांना, तसेच स्वमग्न किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना लावू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले. पाच दिवसांत दुरुस्ती झाली, याचे कौतुकच आहे. पण मसुदा आधी त्या संघटनांना दाखवला असता तर ती चूक छापलीच गेली नसती.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची गोष्ट तर त्याहून वाईट. तिथल्या २०१० च्या जुन्या आराखड्यात व्हेंटिलेटर कमी पडल्यास तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना तो नाकारण्याची मुभा होती. तक्रार झाल्यावर एप्रिल २०२० मध्ये ती मागे घेतली गेली. दहा वर्षे तो कागद फायलीत पडून होता, कोणाला खटकला नाही. म्हणून नुसते आधी लिहून ठेवणेही पुरत नाही. लिहिताना समोर कोण बसले आहे, हे महत्त्वाचे.

‘अहो, आधी जीव वाचवू, मग हक्कांचे बघू’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा राग येत नाही. घाबरलेला माणूस असेच बोलतो. बंधने लागतात, हे मी नाकारत नाही. मीच कितीतरी जणांना खोलीबाहेर पाऊल टाकू दिलेले नाही. पण बंधन कसे घालायचे याचा विचार जगाने कधीच करून ठेवला आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात आणीबाणीत काही हक्कांवर मर्यादा घालायची सोय आहे. ती सोय कशी वापरावी, हे १९८४ मध्ये सिसिलीतल्या सिराक्युझा गावी जमलेल्या कायदेतज्ज्ञांनी लिहून काढले. बंधनाला कायद्याचा आधार हवा, ते खरोखर गरजेचे हवे, सौम्य उपायाने भागत असेल तर कडक उपाय नको, भेदभाव नको. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ यात तर विलग केलेल्या प्रवाशाला अन्न, पाणी, निवारा, उपचार द्यावेत, शक्यतो त्याला समजेल अशा भाषेत संपर्काची सोय करावी, इतके बारकाईने म्हटले आहे. त्याच्या सामानाच्या रक्षणाचीसुद्धा तरतूद आहे! सीमा ओलांडून येणाऱ्याच्या बॅगेचा इतका विचार. वस्तीत कोंडलेल्या माणसाच्या हंडाभर पाण्याचा विचार तेवढ्याच तपशिलाने कुठे लिहिलेला असतो?

लायबेरियात ऑगस्ट २०१४ मध्ये इबोलाच्या भीतीने राजधानी मन्रोव्हियातली वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती रातोरात सैन्याने वेढली. आत पन्नास हजारांहून अधिक माणसे. अन्न महागले, पाण्याची टंचाई झाली, लोक अडथळ्यांवर चालून गेले, गोळीबार झाला, एक अल्पवयीन मुलगा त्यात गेला. दहा दिवसांनी वेढा उठवावा लागला. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगच्या नावाखाली चिनी वस्तीला दोर लावला, तेव्हा तो गोऱ्यांची घरे वगळत वळणे घेत गेला होता. न्यायालयाने तो रद्द केला. भेदभाव हे एक कारण होतेच. शिवाय निरोग्यांना रोग्यांसोबत एकाच जागी कोंडल्याने रोग वाढेल, हेही न्यायालयाच्या लक्षात आले. ज्याला आपण हक्क विरुद्ध आरोग्य असे भांडण समजतो, ते पुष्कळदा भांडणच नसते. मराठी वाचकाला तर हे नव्याने सांगायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रँडच्या अमलाखाली सोजीर घराघरांत शिरले, देवघरापासून माजघरापर्यंत झडत्या झाल्या. लोकांनी मग आजारी माणसे लपवायला सुरुवात केली. प्लेगला आणखी काय हवे होते?

उलट, विश्वासात घेतले की काय घडते तेही इबोलानेच दाखवले. मृतदेहाला स्पर्श झाला की लागण व्हायची, म्हणून सुरुवातीला किट घातलेली पथके यायची आणि प्रेत घेऊन जायची. घरच्यांना ना निरोप, ना प्रार्थना. लोक रात्री चोरून दफन करू लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ख्रिस्ती आणि मुस्लिम धार्मिक संस्थांना सोबत घेऊन सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची पद्धत ठरवली. कुटुंबाला आधी विचारायचे, प्रार्थनेला वेळ द्यायचा, सुरक्षित अंतरावरून निरोप घेऊ द्यायचा. यात विषाणूला एक इंचही सवलत दिलेली नव्हती. इतके सारे समोर असताना २०२० मध्ये श्रीलंकेने कोविडने गेलेल्या प्रत्येकाचे दहन सक्तीचे केले. दफनही चालते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, तरीही. मुस्लिम कुटुंबांच्या काळजावरचे ते घाव फेब्रुवारी २०२१ पर्यंत चालू राहिले. सरकारने माफी मागितली ती २०२४ च्या जुलैमध्ये. माफीचा मान राखून विचारते, चितेवर गेलेल्यांचे काय करायचे?

स्थलांतरित मजुरांबद्दल थोडक्यात. सिंगापूरसारख्या शिस्तीच्या, श्रीमंत देशात वसतिगृहांत एका खोलीत दहा-बारा नि त्याहूनही अधिक जण राहत होते. तिथल्या ४७ टक्के कामगारांना लागण होऊन गेली होती, हे डिसेंबर २०२० मध्ये सरकारनेच सांगितले. शहर मोकळे झाल्यावरही त्यांच्या बाहेर पडण्यावरचे निर्बंध बराच काळ उठले नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये पोर्तुगालने मात्र ज्यांचे परवान्याचे अर्ज प्रलंबित होते, त्या परदेशी लोकांना तात्पुरते कायदेशीर रहिवासी मानले, म्हणजे दवाखान्यात जाताना कोणी कागद मागून परत पाठवायला नको. खर्च फारसा नाही. कोणाला तरी ते वेळेवर सुचले, एवढेच.

महासाथ करार अजून अमलात यायचा आहे. पण आपापले साथ-आराखडे करायला कोणत्याही देशाला, राज्याला किंवा रुग्णालयाला त्याची वाट पाहायची गरज नाही. ‘मानवी हक्कांचा आदर राखला जाईल’ हे वाक्य बहुतेक आराखड्यांत सापडेल. त्या वाक्याने वॉर्डात कोणाला काही मिळत नाही. मला हवी आहेत ती साधी, कंटाळवाणी कलमे. दुभाषा किंवा मदतनीस हा ‘भेटायला आलेला नातेवाईक’ धरला जाणार नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला एकाला तरी भेटता येईल, किट घालून का होईना. बंधन किती दिवसांनी आपोआप संपेल आणि वाढवायचे तर कोण, कशाच्या आधारावर वाढवील. विलग केलेल्याच्या दारावर त्याचे नाव लावले जाणार नाही. वृद्धाश्रम, तुरुंग, मनोरुग्णालये अशा बंद दारांच्या जागी तपासणीला बाहेरचे कोण जाणार, आणि साथीतही ते थांबणार कसे नाही. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. युरोपात पहिल्या लाटेत गेलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत माणसे दीर्घकालीन काळजी केंद्रांतली असावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्ये सांगितले होते, आणि भेटी बंद झाल्याने आत काय चालले आहे हे पाहायला बाहेरचे कोणीच उरले नव्हते.

आपल्या बातमीदारांकडून एक अपेक्षा आहे. पुढच्या वेळी कोणी मंत्री किंवा अधिकारी ‘आम्ही सज्ज आहोत’ असे सांगायला पत्रकार परिषद घेईल, तेव्हा खाटा आणि ऑक्सिजनचे आकडे जरूर विचारावेत. त्यासोबत हेही विचारावे की आराखड्याचा मसुदा कोणत्या अपंग संघटनेने, कोणत्या मजूर संघटनेने, वृद्धाश्रमातल्या कोणी वाचला. त्यांनी काय सुचवले आणि त्यातले काय घेतले. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका