परसातील फरसबंदी : खालच्या थरांकडे होणारे दुर्लक्ष

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरामागच्या मोकळ्या जागेत निवांत बसण्यासाठी फरसबंदी करून घेण्याकडे अलीकडे पुष्कळ जणांचा ओढा आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून या विषयावर लिहूनही येते. मात्र त्या लेखनाचा बहुतेक भर फरशीचा रंग, दिव्यांची मांडणी आणि खुर्च्यांची निवड यांवरच असतो. बांधकामांवर देखरेख करण्याचे काम मी दीर्घकाळ केले आहे आणि त्या अनुभवावरून मला आग्रहाने सांगावेसे वाटते, की अशी फरसबंदी वर्षानुवर्षे टिकणार की दोन-तीन पावसाळ्यांतच खचणार, हे फरशीखालच्या थरांवर आणि पाण्याला करून दिलेल्या वाटेवर ठरते. वरची फरशी नावडती झाली तर बदलता येते. खालचा भराव कच्चा राहिला असेल तर मात्र सगळे उकरून पुन्हा पहिल्यापासून काम करावे लागते.

पाण्याचा हिशेब कोणालाही करता येण्याजोगा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. त्या मानाने ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद फरसबंदीवर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तब्बल १००० लिटर पाणी उतरते. त्यातले बरेचसे पूर्वी मातीत मुरत होते. आता ते ढाळ असेल तिकडे धावणार आणि ढाळ नसेल तर भिंतीच्या पायथ्याशी साचणार. म्हणून ढाळ नेहमी घरापासून बाहेरच्या दिशेने, दर मीटरला सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर, असा ठेवावा. फरसबंदीची वरची पातळी जोत्यातील ओलरोधक थराच्या, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत चढू न देणाऱ्या थराच्या, किमान १५ सेंटिमीटर खाली असली पाहिजे. दारातून बाहेर पडताना पायरी नको म्हणून ही पातळी वर उचलली जाते, मग भिंत खालून ओल धरते, रंगाचे पोपडे सुटतात आणि दोष मात्र रंगाला दिला जातो. वाहून गेलेले पाणी कुठे जिरणार, हेही आधीच ठरवावे. फुलझाडांचा वाफा, खडी भरलेला चर किंवा शोषखड्डा यांपैकी काहीही चालेल. ते शेजाऱ्याच्या कुंपणाखाली सोडून देणे मात्र मुळीच योग्य नाही.

आता भरावाविषयी. वरची मऊ, पालापाचोळा कुजून झालेली माती पूर्णपणे काढून टाकावी, कारण ती दबत राहते. पेव्हर ब्लॉक बसवायचे असतील तर ठोकलेल्या खडीचा १० ते १५ सेंटिमीटरांचा थर, त्यावर जाड वाळूचा अडीच ते चार सेंटिमीटरांचा थर आणि शेवटी ५ ते ६ सेंटिमीटर जाडीचा ब्लॉक, असे धरून साधारण २० ते २५ सेंटिमीटर खोल खणावे लागते. चिकण मातीची जमीन ओलीने फुगते आणि सुकली की आकसते. तेथे खडीचा थर वाढवावा आणि त्याखाली माती व खडी वेगळी ठेवणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. खडी एकाच वेळी ओतून वरवर ठोकण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि ती साफ चुकीची आहे. धुमसाचा किंवा कंपनयंत्राचा जोर फार खोल पोहोचत नाही. त्यामुळे खडी ७ ते १० सेंटिमीटरांच्या थरांनी पसरावी, प्रत्येक थर किंचित ओलसर करावा आणि टाच रोवली तरी खळगा पडणार नाही इतका ठोकून घ्यावा. ढाळ याच थराला द्यायचा असतो. खडी उंचसखल ठेवून खड्डे वाळूने भरून काढले, तर जेथे वाळू जाड तेथेच पुढे ब्लॉक खाली बसतो आणि त्यात पाण्याचे डबके तयार होते. वाळू दोन समांतर नळ्यांवरून सरळ फळी ओढून एकसारखी करावी आणि त्यानंतर तिच्यावर कोणीही पाय देऊ नये. कडेचे दगड पक्के रोवले नाहीत तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात.

काँक्रीटचा थर ओतायचा असेल तर १० सेंटिमीटर जाडी पुरते. अडीच ते तीन मीटर अंतरावर, जाडीच्या पाव भागाइतका खोल काप देऊन ठेवावा, म्हणजे काँक्रीट आकसताना तडा त्या कापातच जातो. घराची भिंत आणि काँक्रीट यांच्यामध्ये मोकळा सांधा सोडावा आणि किमान सात दिवस पाणी मारावे.

आखणीला सहसा फारच थोडा वेळ दिला जातो. टेबलाभोवती खुर्ची मागे ओढून उठायला सुमारे ९० सेंटिमीटर जागा लागते. चौघांच्या टेबलाला ३ मीटर लांब-रुंद जागेहून कमी जागा अपुरी पडते. जमिनीवर दोरी टाकून, प्रत्यक्ष खुर्च्या मांडून, सकाळी आणि दुपारी ऊन कुठे येते ते पाहावे, हा माझा सर्वांना सल्ला असतो. काटकोनासाठी एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर मोजावे आणि त्या दोन खुणांमधील अंतर ५ मीटर भरते का ते तपासावे. दोन्ही कर्णही सारखे भरले पाहिजेत. सांडपाण्याच्या चेंबरचे झाकण फरशीखाली कधीही गाडू नये. पुढेमागे दिव्याची तार न्यायची झाल्यास उपयोगी पडेल म्हणून एक रिकामी नळी आधीच पुरून ठेवावी. मोठे झाड जवळ असेल तर फरसबंदीचा आकार बदलावा, मुळे तोडू नयेत; मुळांवरची माती ठोकून घट्ट केली तरी झाडाचा श्वास कोंडतो. फरशी निवडताना गुळगुळीत पॉलिशची टाळावी, ती ओली झाली की पाय घसरतो.

काम ताब्यात घेताना दोन तपासण्या अवश्य कराव्यात. बादलीभर पाणी घराच्या बाजूने ओतून ते कोठे थांबते ते पाहावे. फरशी सिमेंटच्या मसाल्यात बसवली असेल तर प्रत्येक फरशीवर लाकडी दांडा आपटून आवाज ऐकावा. पोकळ आवाज आला तर खाली मसाला पूर्ण पसरलेला नाही, आणि अशी फरशी तेव्हाच उचलून पुन्हा बसवायला लावावी. थरांची जाडी, ढाळ आणि पाण्याची वाट दाखवणारा छेद-आराखडा करारासोबत जोडावा, आणि ठरलेल्या रकमेचा काही भाग पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावरच द्यायचा, असे दोन्ही पक्षांनी काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक वाचक