चेलोच्या उघड्या सांध्यात फेव्हिकॉल नको

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा सरून हवा कोरडी पडू लागली की चेलोच्या, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातल्या मोठ्या वाद्याच्या, कडेचे सांधे उघडू लागतात. पावसाळी दमटपणातून एकदम वातानुकूलित खोलीत आणलेल्या वाद्याचेही तेच होते. मग घरातले कुणीतरी, कधी फर्निचरचा सुतारही, ती फट फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने नाहीतर इपॉक्सीने बुजवून टाकतो. हाताने घडवलेला चांगला चेलो असा कायमचा अधू होतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

चेलोची पोटाची, म्हणजे समोरची, फळी स्प्रूसची असते. पाठ, मान आणि बगलपट्ट्या मेपलच्या. बगलपट्टी जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची. पोटाची फळी चार ते पाच मिलिमीटर जाड आणि खालच्या बाजूला सुमारे 44 सेंटिमीटर रुंद. लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, तेही लाकडाच्या तंतूंच्या रेषांना आडवे. लांबीत जवळपास नाहीच. एवढ्या रुंदीत एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. बगलपट्टीच्या रेषा मात्र कडेच्या दिशेनेच धावतात, त्यामुळे ती आकसत नाही. फळी आत ओढते, पट्टी जागची हलत नाही, आणि सगळा ताण दोघांमधल्या सांध्यावर येतो.

हे ठाऊक असल्यामुळेच कारागीर पोटाची फळी पातळ सरसाने (जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या गोंदाने), मुद्दाम जरा हलकी चिकटवतात. ताण वाढला की सांधा सुटावा, फळी चिरू नये. सुटलेला सांधा हे थोडक्या वेळाचे काम आहे. फळीला साउंडपोस्टच्या (आत पोट आणि पाठ यांच्यामध्ये उभ्या असलेल्या काडीच्या) जागी चीर गेली, तर पोट उघडून आतून ठिगळ बसवावे लागते. तीच चीर पाठीला गेली, तर चेलोची किंमत फार घसरते. पांढऱ्या गोंदाने पक्का केलेला सांधा पुढच्या उन्हाळ्यात सुटत नाही, आणि चीर शेजारच्या लाकडात जाते.

दुसरे नुकसान उशिरा कळते. सरस ऊब आणि ओलावा दिला की सुटतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. पांढरा गोंद लाकडाच्या रंध्रांत मुरतो. त्यावर सरस बसत नाही. पुढे बासबार (पोटाला आतून चिकटवलेली लांब पट्टी) किंवा चीर दुरुस्त करायला पोट उघडू गेले, की स्प्रूसचे तंतू उपटून येतात. इटलीतल्या क्रेमोना शहराच्या जुन्या वाद्यांपैकी जवळपास सगळ्यांची मान आणि बासबार नंतरच्या काळात बदललेली आहेत. स्ट्राडिव्हरीचा 1712 सालचा ‘दाविदोव’ चेलो आजच्या मैफलींतही वाजला आहे. सरसाने जोडलेली वाद्ये पुन्हा पुन्हा उघडता येतात, म्हणूनच हे शक्य झाले.

सांधा सुटला हे कसे ओळखावे? एखादा स्वर वाजवताना झणझण ऐकू येते. चेलो आडवा धरून बोटाच्या पेराने कडेकडेने टिचक्या माराव्यात. सुटलेल्या जागी भरीव ठोक्याऐवजी चपट, फुटका आवाज येतो. तिथे पातळ कागदाची कड आत सरकते. चेलोच्या खालच्या रुंद भागाचा घेर आधी तपासावा.

दुरुस्ती अशी होते. सरसाचे दाणे थंड पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून साधारण 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे. उकळला की सरसाची पकड जाते. सांध्यातला जुना सरस कोमट पाण्याने पुसून काढायचा, पातळ सुरीच्या पात्याने गरम सरस आत सोडायचा आणि लाकडी चकत्यांचे क्लॅम्प हलक्या हाताने आवळून रात्रभर ठेवायचे. फट जोर लावूनच मिटत असेल, तर फळी आकसलेली आहे. तिथे क्लॅम्प आवळत जाणे म्हणजे चिरेला आमंत्रण. आधी चेलो काही दिवस 50 टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत ठेवावा.

नवा किंवा जुना हस्तनिर्मित चेलो विकत घेणाऱ्या पालकांनी एफ-आकाराच्या छिद्रातून बारीक दिवा आत सोडून पाहावे. सरसाचा ओघळ तपकिरी, काचेसारखा. नखाने दाबला तर टचकन तुटतो. पांढऱ्या गोंदाचा ओघळ रबरासारखा दबतो. तसा दिसला, तर कोणता भाग कशाने जोडला आहे हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. लेबलवरच्या नावापेक्षा ही तपासणी जास्त मोलाची.

हवेचा परिणाम घोडीवरही, म्हणजे तारांना उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्यावरही, होतो. दमट दिवसांत फळी फुगून वर येते आणि तारा बोटांच्या पट्टीपासून (फिंगरबोर्डपासून) उंचावतात. त्या पट्टीच्या टोकाशी जाड सी तार 8 मिलिमीटरहून वर गेली असेल, तर ती डाव्या हाताला जड लागू लागते. काही व्यावसायिक वादक दोन घोड्या ठेवतात, त्या यासाठीच. शिकणाऱ्यांनीही ठेवाव्यात. संगीतशाळांनी वाद्यांच्या खोलीत आर्द्रतामापक लावावा. 40 ते 60 टक्क्यांत चेलो सुखी असतो, आणि रात्री वातानुकूलन बंद करून सकाळी पुन्हा लावण्याने त्याचे हाल होतात.

गावात जाणकार कारागीर नसेल, तर फट तशीच राहू द्यावी. चारही तारा एका स्वराने उतरवाव्यात, पण सगळ्या एकदम काढू नयेत. दाब गेला की साउंडपोस्ट आत पडतो. चेलो न वाजवता खोक्यात ठेवावा, गाडीच्या डिकीत नाही. कारागीर भेटेपर्यंत दोन-तीन आठवडे गेले, तरी नुसत्या उघड्या सांध्याने काही बिघडत नाही.

— तंतुवाद्य दुरुस्ती करणारे काही कारागीर, पुणे