कॅलिब्रेशनची प्रमाणके बोर्डावरच हवीत

महोदय,

सर्किट बोर्ड देशात बनवण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. गिगाहर्ट्झ वारंवारतेवर त्यांचे मोजमाप कसे करावे, याविषयी मात्र फारसे नाही. नेटवर्क अ‍ॅनलायझर (सिग्नल किती पुढे जातो व किती परततो हे मोजणारे उपकरण) सोबतच्या किटने कॅलिब्रेट केला, म्हणजे किटमधली प्रमाणके जोडून त्याची चूक काढून टाकली, तरी अचूकता केबलच्या टोकापर्यंतच मिळते; बोर्डावरचा कनेक्टर आणि तेथून निघणारी तांब्याची रेषा यांची चूक मोजमापात मिसळतेच. म्हणून प्रमाणके, म्हणजे तुलनेसाठीच्या संदर्भ रचना, त्याच बोर्डावर, त्याच थरात, त्याच कनेक्टरांसह छापावीत. एंगेन आणि होअर यांनी १९७९ साली मांडलेली थ्रू-रिफ्लेक्ट-लाइन पद्धत (थेट जोडणी, सिग्नल परतवणारे टोक आणि थोडी लांब रेषा अशा तीन रचना) येथे विशेष उपयोगी आहे, कारण तिला अचूक ५० ओहमचा रेझिस्टर लागत नाही. ३ गिगाहर्ट्झवर, प्रभावी डायइलेक्ट्रिक स्थिरांक (बोर्डाच्या पदार्थामुळे सिग्नल किती मंदावतो ते सांगणारा अंक) ३.३ धरल्यास, लाइन थ्रूपेक्षा सुमारे १३.८ मिलिमीटर लांब ठेवावी, म्हणजे पाव तरंगलांबीचा फरक मिळतो. तो फरक २० ते १६० अंशांत (पाव तरंगलांबी म्हणजे ९० अंश) राहतो तोवर, म्हणजे साधारण ०.६७ ते ५.३३ गिगाहर्ट्झपर्यंत, ती लाइन विश्वासार्ह असते.

जागा वाचवण्यासाठी मी एकदा ही प्रमाणके गाळली आणि फिल्टरमधला दोष शोधण्यात तीन आठवडे घालवले. दोष कनेक्टरच्या जोडणीत होता. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या पहिल्याच आरएफ (रेडिओ वारंवारतेच्या) बोर्डावर या तीन रचना सक्तीच्या कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक आरएफ अभियंता, पुणे